छपरावरील सौर वीज : घेण्यापूर्वी काय पाहावे, कुणाकडून घ्यावी



गेल्या दोन-तीन वर्षांत सातारा-सांगली जिल्ह्यांतील गावोगावी घरांच्या छपरांवर काळीनिळी पॅनेले दिसू लागली आहेत. वाई, कराड, वाळव्यापासून जत-आटपाडीपर्यंत विक्री करणारी मंडळी दारोदार फिरत आहेत. "बिल शून्य येणार", "सरकारच सगळे पैसे देणार", "एकदा बसवा नि पंचवीस वर्षे बघायला नको" अशी भाषा ऐकू येते. यात खरे किती आणि तोंडची वाफ किती, हे सभासदाने स्वतः तपासले पाहिजे. कारण पैसा ऊसबिलाचा असतो, आणि छपरावर एकदा बसवलेला माल परत करता येत नाही.

हा लेख घरगुती जोडणीपुरता आहे. शेतीपंपाची योजना वेगळी, तिचा अर्ज वेगळा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून राज्य सरकारच्या मोफत वीज योजनेचा लाभ आहे. म्हणजे खिशातून जाते ते मुख्यतः घरचे लाइट बिल. ते कमी कसे करायचे, एवढाच येथे विचार करू.

किलोवॅट आणि युनिट

उसाचे टनेज वेगळे आणि साखर उतारा वेगळा, हे सभासदांना सांगायला नको. सौर विजेतही तसेच आहे. किलोवॅट हे पॅनेलचे माप झाले. त्यातून प्रत्यक्ष वीज किती निघाली हे युनिटात मोजतात, आणि बिल येते ते युनिटावर. एक किलोवॅटच्या पॅनेलवर लख्ख ऊन तासभर पडले तर साधारण एक युनिट तयार होते. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन, ढग, धूळ, उष्णता हे सारे वजा जाता आपल्या मैदानी भागात एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिटे, म्हणजे वर्षाला १,४०० च्या आसपास युनिटे मिळतात. विक्रेता याहून फारच मोठा आकडा सांगू लागला तर तो लेखी मागावा.

उन्हाविषयी एक गैरसमज आहे. जितकी उष्णता जास्त तितकी वीज जास्त, असे अनेकांना वाटते. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की दर अंशामागे सुमारे ०.३ ते ०.४ टक्का वीज घटते. मे महिन्यात दुपारी पॅनेल ६० अंशांपर्यंत तापले तर दहा-बारा टक्के घट धरावी लागते. म्हणून पॅनेल छपराला चिकटवून बसवू नये, खालून वारा खेळला पाहिजे.

महाबळेश्वरचे छप्पर आणि माणचे छप्पर

आपल्या दोन जिल्ह्यांत हवामानाचा जेवढा फरक आहे तेवढा क्वचितच कुठे असेल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तेथून घाट उतरून तीस-बत्तीस किलोमीटरवर वाईला आले की पाऊस कितीतरी पटीने कमी होतो, आणि माण-आटपाडीकडे तो ५०० मिलिमीटरच्या आसपास उरतो. जून ते सप्टेंबर महाबळेश्वर, जावळीचा वरचा भाग, पाटणची कोयनेकाठची गावे ढगात आणि धुक्यात असतात. त्या चार महिन्यांत तेथील पॅनेल नावालाच चालते. उलट हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात स्वच्छ, थंड हवेमुळे तेच पॅनेल चांगले काम देते.

म्हणून घाटमाथ्यावरच्या सभासदाने, किंवा महाबळेश्वर-पाचगणीला घर असलेल्याने, मैदानाचा हिशोब जसाच्या तसा उचलू नये. सावध अंदाज म्हणून तेथे किलोवॅटमागे वर्षाला १,१०० युनिटेच धरून चालावे. जास्त मिळाली तर चांगलेच. माण, खटाव, जत, आटपाडी या भागांना पावसाने कायम हात आखडता घेतला. पण ऊन त्यांना भरपूर आहे, आणि या कामात त्यांचीच बाजू वरचढ आहे.

पावसाळ्यातील ही तूट सोसता येते, कारण तुमची जोडणी महावितरणच्या तारेला असते. उन्हाळ्यात जास्तीची वीज तारेत जाते, तिची युनिटे खात्यावर जमा होतात आणि पुढच्या बिलात वळती होतात. मात्र ३१ मार्चला वर्षाचा हिशोब बंद होतो. तेव्हा शिल्लक राहिलेल्या युनिटांचे पैसे वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात, आणि तो दर आपण वीज विकत घेतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. सबब, गरजेपेक्षा मोठा संच बसवून वीज विकण्याचा धंदा करू म्हणाल, तर ते हिशोबात बसत नाही.

आधी लाइट बिल वाचा

संच केवढा घ्यायचा हे विक्रेत्याला विचारण्याआधी बारा महिन्यांची बिले काढून बसा. बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्याची बेरीज करा.

समजा, एका घरात महिना सरासरी १८० युनिटे लागतात. वर्षाची झाली २,१६०. मैदानी गावात १,४०० ने भागले तर १.५४ किलोवॅट येतात. बाजारात ५४० वॅटची पॅनेले मिळतात. तशी तीन घेतली की १.६२ किलोवॅट होतात आणि वर्षाला सुमारे २,२७० युनिटे निघतात. काम भागले. हेच घर महाबळेश्वरला असेल तर २,१६० ला १,१०० ने भागावे; जवळजवळ दोन किलोवॅट, म्हणजे चार पॅनेले लागतील. या घराला कुणी "पाच किलोवॅट टाकून मोकळे व्हा" म्हणाला, तर तो आपला फायदा बघतो आहे.

दुसरी गोष्ट दराची. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, आणि १०१ ते ३०० चा त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे खरी बचत वरच्या टप्प्यातील युनिटे वाचण्यात आहे. ज्याच्या घरी दरमहा ६०-७० युनिटेच जळतात त्याला फायदा कमी आणि उशिरा होतो. अशांनी एक किलोवॅटच्या पुढे जाऊ नये. महिना १०० युनिटांच्या आतील ग्राहकांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची जोड योजना काढली आहे; तिच्यात आपण बसतो का, हे महावितरणच्या कचेरीत विचारावे.

आणि "शून्य बिल" हा शब्द जपून ऐकावा. युनिटे शून्यावर आली तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

सरकारी मदत किती?

केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशातील एक कोटी घरे हे तिचे लक्ष्य असून मुदत २०२६-२७ पर्यंत आहे. मदतीचे गणित असे : पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये. म्हणजे एकाला ३०,०००, दोनाला ६०,०००, आणि तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त ७८,००० रुपये. तीनच्या पुढे मदत वाढत नाही.

वरच्या उदाहरणातील १.६२ किलोवॅटला ४८,६०० रुपये मदत होते. समजा, किलोवॅटला ६०,००० रुपये भाव ठरला. एकूण खर्च ९७,२०० रुपये. मदत वजा जाता पदरचे ४८,६०० राहतात. युनिटामागे सरासरी सात रुपये वाचले तर वर्षाला १५,१२० रुपये. म्हणजे साडेतीन वर्षांच्या आत पैसे फिटतात. हा नमुन्याचा हिशोब झाला. तुमच्या दरपत्रकातले आकडे घालून प्रत्येकाने तो स्वतः करावा.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. मदत ग्राहकाच्या स्वतःच्या बँक खात्यात येते, आणि ती संच बसवून, तपासणी होऊन, नेट मीटर लागल्यानंतर येते. मधल्या काळात पूर्ण पैसा उभा करावा लागतो. त्यासाठी बँका या योजनेखाली कर्ज देतात. दुसरे, मदत हवी तर पॅनेल आणि त्यातील सेल दोन्ही भारतात बनलेले असले पाहिजेत. तिसरे, पॅनेल आणि इन्व्हर्टर यांपैकी ज्याची क्षमता कमी, त्यावर मदत मोजतात. दोन किलोवॅटची पॅनेले आणि दीडचा इन्व्हर्टर, अशी जोडी माथी मारून घेऊ नका.

आणखी एक अडचण आपल्याकडे घरोघर आहे. लाइट बिल अजून आजोबांच्या नावावर! अर्ज, बिल आणि बँक खाते यांवरचे नाव जुळले नाही तर काम अडते. भावाभावांत घर वाटून झाले पण मीटर एकच, असेही असते. तेव्हा आधी वीजजोडणीवर आपले नाव लावून घ्या, थकबाकी असेल तर भरा, आणि छप्पर सामाईक असेल तर भावकीची संमती लेखी घ्या. पॅनेल चढल्यावर निघालेला वाद कोर्टात जातो.

लाइट गेली तर?

हा प्रश्न बहुतेक सभासद विचारतच नाहीत आणि नंतर पस्तावतात. तारेला जोडलेला साधा संच लाइट गेली की आपोआप बंद पडतो, मग भर दुपारचे ऊन का असेना. हा दोष नाही. डीपी बंद करून वायरमन खांबावर काम करत असताना तुमच्या छपरावरून तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल, म्हणून तशी योजना केलेली असते.

लाइट गेल्यावरही दिवे, पंखे चालायला हवेत तर बॅटरीचा, म्हणजे हायब्रीड संच लागतो. तो महाग पडतो. सरकारी मदत पॅनेलच्या क्षमतेवर असते. बॅटरीसाठी वेगळी मिळत नाही, आणि पॅनेलच्या आधी बॅटरी बदलावी लागते. पावसाळ्यात झाडे पडून घाटमाथ्यावर वीज बराच वेळ जाते, पण नेमके तेव्हाच ऊनही नसते. त्यामुळे तेथे बॅटरी छोटी, दिव्यापुरतीच घ्यावी. मैदानात जेथे वीज फार जात नाही तेथे साधा संच पुरे.

छप्पर आणि सावली

एक किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि उतार पंधरा-वीस अंशांचा असावा, कारण आपला मुलूख सतराव्या-अठराव्या अक्षांशाच्या आसपास आहे.

सावलीचा फटका वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. पॅनेले एकामागे एक जोडलेली असतात. जोडीतल्या एका बैलाने अंग टाकले की दुसराही अडतो, तसे एका पॅनेलवर नारळाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली पडली की सगळी ओळ मागे पडते. म्हणून सकाळी नऊ ते दुपारी चारपर्यंत सावली कुठून कशी सरकते, हे एक दिवस छपरावर जाऊन स्वतः पाहा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि सावल्या लांबतात, तोही विचार करा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तेथे झाड तोडून ऊन मोकळे करण्याचा विचारच सोडावा. जागाच दुसरी शोधावी.

स्लॅब असेल तर काम सोपे, पण भोके पाडलेल्या जागी पाणी मुरणार नाही याची हमी घ्या. पत्र्याचे छप्पर असेल तर सांगाडा खालच्या लोखंडी पट्ट्यांना बोल्टने धरलेला हवा. नुसत्या पत्र्याला धरलेला वादळात पत्र्यासकट जातो. मंगलोरी कौलांवर तर वासे जुने आहेत की मजबूत, हे सुताराला दाखवल्याशिवाय पाऊल टाकू नका. सांगाडा गरम जस्ताचा मुलामा दिलेला असावा आणि नट-बोल्ट न गंजणारे. साधा रंग मारलेला अँगल महाबळेश्वरच्या दोन पावसाळ्यांत गंजू लागतो. तारा नळीतून न्याव्यात. तेथे माकडांचा उपद्रव आहेच.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत वळवाबरोबर विजा पडतात. वीजरोधक आणि त्याचे स्वतंत्र अर्थिंग, शिवाय पॅनेलच्या सांगाड्याचे आणि इन्व्हर्टरचे वेगळे अर्थिंग हवे. काम करणारा "एकाच खड्ड्यात तिन्ही भागवतो" म्हणाला तर त्याला थांबवा.

काम करणारा माणूस कसा पारखावा?

पॅनेले बहुतेक चांगल्या कंपन्यांची सारखीच असतात. फरक पडतो तो बसवणाऱ्यात. त्याची पारख अशी करावी :

१. त्याचे नाव योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवरील नोंदणीकृत यादीत आहे का, हे स्वतः किंवा घरातल्या शिकत्या मुलाकडून तपासून घ्या. यादीत नसलेल्याकडून बसवले तर मदत मिळत नाही.

२. आसपासच्या गावांत त्याने बसवलेले, किमान दोन पावसाळे पाहिलेले संच दाखवायला सांगा. तो बरोबर नसताना जाऊन घरमालकाशी बोला. "बिघाड झाला तेव्हा किती दिवसांत आला?" एवढे विचारले तरी पुरे.

३. निदान तिघांकडून लेखी दरपत्रक घ्या. त्यात पॅनेलची कंपनी, वॅट, संख्या, इन्व्हर्टरची कंपनी आणि क्षमता, सांगाडा, तारा, अर्थिंग, वीजरोधक आणि नेट मीटरचे कागदपत्र, हे सारे वेगवेगळे लिहिलेले हवे. नुसता "एकूण खर्च इतका" असा कागद कामाचा नाही.

४. हमी कुणाची आणि किती वर्षांची? पॅनेल किती वीज देईल याची हमी साधारण २५ वर्षांची असते आणि ती कंपनी देते. इन्व्हर्टरची त्याहून बरीच कमी असते, आणि आधी बिघडतो तोही इन्व्हर्टरच. या योजनेत बसवणाऱ्याने पाच वर्षे देखभाल करायची आहे. ते करारात आले पाहिजे.

५. पैसे टप्प्याने द्या : करार करताना काही, माल दारात आल्यावर काही, आणि शेवटचा हप्ता नेट मीटर लागून संच चालू झाल्यावर. सगळी रक्कम आगाऊ मागणाऱ्याला नमस्कार करा. मदत स्वतःच्या खात्यात घेतो म्हणणाऱ्यालाही.

६. माल आला की प्रत्येक पॅनेलवरील क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. हमीपत्रावर तेच क्रमांक आहेत का, पाहा.

बसवल्यानंतर

नेट मीटर लागण्याआधी संच चालू करू नका. काही मीटर बाहेर गेलेली वीजही वापरात मोजतात, आणि बिल कमी व्हायचे ते वाढते.

काट्यावर ऊस घालताना आपण पावती बघतो, तसे दरमहा तीन आकडे वहीत मांडा. समजा, इन्व्हर्टरने दाखवले २४० युनिटे. बिलात निर्यात १५० आणि आयात १३०. "नव्वद युनिटे कुणी खाल्ली?" अशी तक्रार येथे हमखास होते. ती ९० युनिटे दिवसा घरातच वापरली गेली, म्हणून मीटरपर्यंत गेलीच नाहीत. घरचा एकूण वापर ९० अधिक १३०, म्हणजे २२०. निर्यातीतून आयात वजा करता २० युनिटे पुढच्या महिन्याला जमा. हे जुळले की हिशोब बरोबर. एकाएकी घट दिसली तर आधी धूळ, मग सावली, आणि मग बिघाड, या क्रमाने शोधावे.

धुळीचे म्हणाल तर आपल्या भागाचा प्रश्न वेगळा आहे. गळीत हंगामात धुराड्याची राख, गुऱ्हाळाचा धूर आणि पाचट पेटवल्यावर उडणारी काजळी पॅनेलवर बसते. हंगामात पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने पॅनेल धुवावे. सकाळी लवकर, मऊ फडक्याने, साबण न लावता. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारले तर काच तडकू शकते. नदीकाठच्या काही गावांत विहिरीचे पाणी खारट असते. ते काचेवर वाळले की पांढरा थर धरतो, तेथे पावसाचे किंवा नळाचे गोडे पाणी वापरावे. घाटमाथ्यावर पावसाळा संपताच पॅनेलच्या खालच्या कडेचे शेवाळ काढावे. आणि पाचट जाळू नका हे शेतकी खाते सांगतेच; आता त्याला हेही एक कारण झाले.

मान्याचीवाडीने काय केले?

पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे छोटे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. गावातल्या शंभराच्या आसपास वीजजोडण्या सौर विजेवर आल्या. ज्या तालुक्यात कोयनेचे धरण आहे, महाबळेश्वरच्या पावसाचे पाणी अडवून जेथे १,९६० मेगावॅट क्षमतेचा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला, त्याच तालुक्यातील एका वाडीने आपली वीज आपल्या छपरावर तयार केली. हे गाव ग्रामस्वच्छतेच्या कामात आधीपासून नावाजलेले होते. एकत्र बसून ठरवायची आणि ठरवलेले पार पाडायची सवय गावाला होती, तिचाच येथे उपयोग झाला.

आपण तर सहकारातली माणसे. एकट्याने गेले तर विक्रेत्याच्या भावाने घ्यावे लागते. एका आळीतल्या दहा-बारा घरांनी मिळून दरपत्रके मागवली तर भाव उतरतो. शिवाय बसवणाऱ्यालाही एका फेरीत दहा घरांची देखभाल करता येते, म्हणून तो हाकेला येतो. अर्ज, करार आणि बँक खाते मात्र ज्याचे त्याचे वेगळे ठेवावे. सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या बैठकीत हा विषय एकदा घ्या. बैठकीला येताना प्रत्येकाने बारा महिन्यांची बिले, छपराचे माप आणि वीजजोडणी कुणाच्या नावावर आहे याचा कागद, एवढे तीन जिन्नस बरोबर आणावेत. भावाची बोलणी त्यानंतर करावी.